वाकळीच्या पोटातला घास

माझी जीभ तिखट आहे. हे मी लपवत नाही, आणि लपवलं तरी सोलापुरात ते लपणार नाही. मिशनच्या बालवाडीत माझ्या हाताखालून गेलेलं कुठलंही पोर सांगेल. आमचे हे म्हणायचे, "मार्था, बोलायच्या आधी दहापर्यंत मोजत जा." मी मोजायची, आणि अकराला बोलायचीच. तर या जिभेनं एकदा अडीचशे माणसांचं पांघरूण घालवायची वेळ आणली होती. ते निस्तरलं भवानी पेठेतल्या एका बाईनं. गंगम्मा तिचं नाव. चादरीच्या कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे मागाच्या धोट्यात ज्या कांड्या बसतात त्यांच्यावर सूत गुंडाळायची. अशा बाईवर कोण कशाला लिहील? म्हणून मीच लिहायला बसले.

साल एकाहत्तर. पूर्व बंगालात मारकाट सुरू झाली होती आणि तिथली माणसं घरंदारं टाकून आपल्या देशात येत होती. एक कोटी, म्हणायचे लोक. मला तर एक कोटीत किती शून्यं तेही झटकन सांगता आलं नसतं. आमच्या मिशनच्या थोरल्या बाई मिस हार्पर. पंचविसाव्या वर्षी अमेरिकेतून सोलापूरला आल्या आणि इथंच साठीला पोचल्या. ज्वारीची भाकरी थापायच्या, आणि ती मोडली की "अगं बाई" म्हणायच्या. त्यांच्या ओळखीची एक नर्स बंगालच्या सरहद्दीजवळ, बनगावच्या छावणीत काम करत होती. सप्टेंबरात तिचं पत्र आलं. पावसाळा लोकांनी ताडपत्रीखाली चिखलात काढला, कॉलऱ्यानं कितीतरी गेली, आता थंडी येते आहे, काहीही पांघरायला पाठवा, असं तिनं लिहिलं होतं.

चादरींच्या गावात राहून नव्या चादरी घेणं काही आम्हाला परवडणारं नव्हतं. मिसबाई म्हणाल्या, "मग वाकळी शिवू." वाकळ म्हणजे गोधडी हो, पुण्याकडच्यांसाठी सांगते. गिरण्यांनी कापडाचे तुकडे दिले, घराघरातून जुनी लुगडी, धोतरं आली. शाळेच्या पडवीत दुपारी तीन ते सहा बायका जमायला लागल्या. बावीस जणी होत्या. त्यात आमच्या चर्चच्या फक्त पाच. बाकीच्या भवानी पेठेतल्या, शुक्रवार पेठेतल्या, कुणी लिंगायत, कुणी तेलुगू विणकरांच्या, दोघी-तिघी मुसलमान. पेठेत लगेच कुजबूज सुरू झाली, मिशनात जातात बायका, उद्या पाण्यात बुडवून ख्रिस्ती करून आणतील त्यांना. गंगम्माच्या कारखान्यातल्या मुकादमानं तिला तोंडावरच विचारलं. ती म्हणाली, "जल्मापासनं गळ्यात लिंग हाय माझ्या. सुईदोऱ्यानं तुटंल व्हय ते?"

शिवण्यात गंगम्माचा हात सगळ्यांत बसलेला. म्हणून तीच आपोआप म्होरकी झाली. खाली धोतर, मधे तुकड्यांचा थर, वर लुगडं. चारी कडांनी सुरुवात करून धावदोरा आत आत नेत मध्यापर्यंत यायचं, आणि एक कोपरा शेवटी बंद करायचा. तिच्या शेजारी कायम सुगराबी बसायची, शुक्रवार पेठेत दारोदार बांगड्या भरणारी. सुगराबीला नीट दिसेना झालं होतं, म्हणून गंगम्मा तिची सुई ओवून द्यायची आणि ती बदल्यात गंगम्माला पान लावून द्यायची. दोघी सारख्या भांडायच्या. तुझा टाका मोठा, तुझा तिरका. माझं काम वाकळी मोजून, घडी घालून शाळेच्या मागच्या खोलीत ठेवायचं. कुलूपकिल्ली माझ्या कमरेला. आणि किल्ली कमरेला आली की माणसाला जरा जास्तच वाटायला लागतं, ते मलाही वाटत होतं.

ऑक्टोबर संपता संपता दोनशे साठ वाकळी झाल्या. हावड्याला जाणाऱ्या मालगाडीत जागा मिळायला नोव्हेंबरचा मध्य उजाडला, तीही पुढच्या मंगळवारची. बुधवारी मी गठ्ठे बांधायला म्हणून खोली उघडली आणि वरची वाकळ उचलली तर तिच्यातून उंदीर पळाला. वाकळीचा कोपरा कुरतडलेला. दुसरी उचलली, तिचाही कोपरा. तिसरी. प्रत्येक वेळी एकच कोपरा, शेवटी बंद केलेला. मी कात्रीनं एक उसवला. आतून वाळलेल्या भाकरीचा तुकडा पडला.

भाकरीचा तुकडा, प्रत्येक वाकळीत. दोनशे साठ.

मिसबाईंनी पहिल्याच दिवशी नर्सचं पत्र वाचून दाखवलं होतं. सामानात खायची कुठलीही वस्तू नको, उंदीर-किडे आले तर कॉलऱ्याच्या भीतीनं छावणीतले डॉक्टर सगळा गठ्ठा जाळून टाकतात, असं त्यात स्पष्ट होतं. म्हणजे दोन महिन्यांचं काम चुलीत जाणार, आणि तिकडं माणसं उघडी राहणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन वाजता बायका गठ्ठ्यांची पोती शिवायला आल्या तशी मी तो तुकडा सगळ्यांच्या समोर धरला. विचारलं, हा कुणाचा उद्योग.

मग गंगम्मा उठली. "मी सांगितलं समद्यांना. वाकळीचा शेवटचा कोपरा शिवताना पोटात घास घालायचा आस्तोय. उपाशी वाकळ निजणाऱ्याची ऊब खाती, टीचर."

मला वाटतं तिथंच मी थांबायला हवं होतं. रीत त्यांच्या घरची होती, आणि घरी ती चालतेही. वाकळ शिवली की रात्री अंगावर, आतला घास आठ दिवसांत भुगा होऊन जातो. अडीचशे वाकळी एका खोलीत तीन आठवडे रचून ठेवायची वेळ त्यांच्यातल्या कुणाच्या आज्यापणज्यांवर आली नव्हती. त्यांनी खाऊ पाठवला नव्हता, वाकळ पुरी केली होती. पण हे मला आज सुचतं. त्या दिवशी उचलली जीभ लावली टाळ्याला. अडाणीपणा म्हणाले, अंधश्रद्धा म्हणाले, आणि वर म्हणाले, "आत्ताच्या आत्ता सगळे कोपरे उसवा आणि हे उष्टं बाहेर फेका."

उष्टं म्हटल्यावर पडवीत सगळ्यांच्या माना खाली गेल्या. त्या साली पावसानं पाठ फिरवलेली होती. ज्वारी महाग, घरात भाकऱ्या मोजून होत होत्या, आणि प्रत्येकीनं स्वतःच्या वाटणीतला घास मोडून आणला होता. गंगम्मानं सुई कापडात टोचली, पदर सावरला आणि निघून गेली. मागोमाग सुगराबी. मग एकेक करत सगळ्या. आमच्या चर्चच्या पाच जणीसुद्धा. त्यातली केराबाई तर माझी मावसबहीण.

गुरुवारी तीनला पडवीत मी आणि मिसबाई दोघीच. दोनशे साठ कोपरे उसवायचे, साफ करायचे, कुरतडलेल्यांना ठिगळं लावायची, आणि हाताशी दिवस चार. संध्याकाळपर्यंत आमच्या दोघींच्या अकरा झाल्या. मिसबाईंची बोटं संधिवातानं वाकडी, त्यांच्या तीन, माझ्या आठ. त्या मला रागावल्या नाहीत. चष्मा पुसत एवढंच म्हणाल्या, "मार्था, तू गंगम्माच्या घरी गेली आहेस का कधी?"

गेले नव्हते. दोन महिने रोज शेजारी बसून मला तिचं आडनावही माहीत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी गेले. एक खोली, दाराशी तुळस नाही पण मोगऱ्याचं रोप, भिंतीवर बसवण्णांचं चित्र. गंगम्मा सुपात ज्वारी पाखडत होती. सुगराबी तिथंच भिंतीला टेकून बसलेली. मला बघून गंगम्मानं सूप खाली ठेवलं, चटई टाकली आणि पहिलं वाक्य काय बोलावं तिनं? "ऊटा आय्ता?" जेवण झालं का म्हणून विचारलं. कानडीत. भांडून आलेल्या माणसाला.

मी म्हटलं, झालं. खरं तर नव्हतं झालं. ती उठली आणि भाकरी, शेंगाची चटणी पुढ्यात ठेवली. मी खाल्लं, आणि खाता खाता तिनं सांगितलं.

ती मूळची आळंदच्या अलीकडच्या एका खेड्यातली. तेव्हा तो मुलूख निजामाचा. अठ्ठेचाळीस साली रझाकारांनी शेजारचं गाव जाळलं तेव्हा तिच्या नवऱ्यानं, नागप्पानं, तिला आणि तीन वर्षांच्या दाक्षायणीला पहाटे सोलापूरच्या वाटेला लावलं. बैलं सोडून कसं येऊ, चार दिवसांत येतो, म्हणाला. तो आलाच नाही. काय झालं ते सांगणारंही कुणी आलं नाही.

"हितं आमाला एका शाळंच्या पडवीत ठिवलं. लई माणूस. एक बाई आली, नवं कोरं घोंगडं दिलं आन् गेली. तिची काय चूक न्हाई, तिला शंभर जणांना वाटायचं हुतं. पण दोन दिस माझ्या आन् पोरीच्या पोटात काय न्हवतं. आमच्या घरात रोज धा माणसं जेवायची, टीचर. मागायचं कसं ते मला येत न्हवतं. घोंगड्यात बसून मी वाट बघत हुते, कोन तरी इचारंल, जेवलीस का. कोन इचारलं न्हाई." तिनं चटणी माझ्याकडं सरकवली. "म्हनून म्हणलं, बंगालात वाकळ जाती तर घास घिऊन जाऊ द्या. तिकडच्या बाईला कळंना का, आमी तर इचारलं."

मग सुगराबी भिंतीपासून पुढं सरकली. ती म्हणाली, "ये आई पैले, मैं आई बादमें. मेरा गांव इसके गांव से चार कोस. इसकू हमारे लोगां का डर, हिंदुस्थान की फौज आई उसके बाद मेरेकू इसके लोगां का." आणि गंगम्माच्या सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

हातातला घास हातातच राहिला. मी आयुष्यात मोजून चार वेळा माफी मागितली असेल, त्यातली ही खरी. म्हटलं, "गंगम्मा, माझं चुकलं." मग पत्राचं पुन्हा सांगितलं. की मी उसवायला सांगते ते रागानं नाही, पण घास आत राहिला तर तिकडं वाकळी जाळतील आणि बाया थंडीत राहतील.

"ते कळतं की मला," ती म्हणाली. "पण भरवलेला घास काढायचा कसा? हात चालत न्हाई. कोनाचाच चालणार न्हाई."

ती सुपातली ज्वारी चिवडत बसली. मला वाटलं, झालं, गेल्या वाकळी. सोमवारी मिसबाईंना बनगावला तार करावी लागणार, वाकळी येत नाहीत म्हणून.

मग तिनं मान वर केली. "वाकळीला घास भरवून किती दिस झालं?"

"पहिल्या वाकळींना दोन महिने. शेवटच्यांना तीन आठवडे."

"म्हंजे जेवली की ती." ती माझ्याकडं बघून म्हणाली. "तीन आठवडं कोन जेवत बसतंय? जेवण झालं की ताट उचलायचं आस्तं. न उचललं तर उंदरं येनारच."

"हौ," सुगराबी म्हणाली, "थाली उठाना गुना नहीं."

मी दोघींकडं बघतच राहिले. बायबल कॉलेजात मोठमोठ्या पंडितांना मी वाद घालताना ऐकलंय, पण इतक्या सरळ गाठ सुटलेली बघितली नाही.

गंगम्माच्या दोन अटी होत्या. काढलेला घास उकिरड्यावर जाणार नाही, गाईला आणि पाखरांना जाईल. आणि उष्टं हा शब्द मी सगळ्यांच्या समोर मागं घ्यायचा. पहिली सोपी होती. दुसरीसाठी शनिवारी सकाळी पडवीत बावीस बायकांपुढं उभी राहिले. आदल्या संध्याकाळी गंगम्मा घरोघर फिरून ताटाची गोष्ट सांगून आली होती, म्हणून त्या आल्या होत्या. माझं तोंड बघायला नव्हत्या आल्या. मी म्हटलं, "ते उष्टं नव्हतं. तुमच्या तोंडचा घास होता. मी चुकीचं बोलले." केराबाई पुटपुटली, "मुंगीनं मेरू गिळला गं बाई." सगळ्या हसल्या. मीही हसले, काय करणार.

तीन दिवस हात थांबले नाहीत. रविवारची उपासना पाद्रीसाहेबांनी अर्ध्या तासात आटपली आणि आमच्या चर्चमधले पुरुषसुद्धा येऊन बसले. उसवायचं, झटकायचं, उन्हात टाकायचं, ठिगळ लावायचं, शिवायचं. काढलेले घास गंगम्मा स्वतः टोपलीत गोळा करायची. कुणाला हात लावू द्यायची नाही. चार वाकळी अगदीच कुरतडल्या होत्या, त्या गेल्या. दोनशे छप्पन्न उरल्या. सोमवारी संध्याकाळी गठ्ठे बांधून झाले तरी बायका उठेनात. काहीतरी राहिल्यासारख्या बसून होत्या.

गंगम्मा माझ्याजवळ आली. "टीचर, तुमच्यात जेवायच्या आदी काय तरी म्हनता न्हवं?"

"प्रार्थना."

"ती म्हना. वाकळीवर. ती काय उंदरं खात न्हाईत."

मिसबाईंनी हसू दाबायला तोंडावर रुमाल धरला. मी उभी राहिले, डोळे मिटले, आणि नेहमीची जेवणापूर्वीची प्रार्थना म्हणायला गेले तर शब्दच आठवेनात. मग मनातलं म्हटलं. म्हटलं, प्रभू, ह्या वाकळी ज्यांच्या अंगावर पडतील त्यांना आमच्याकडून विचार, जेवलात का. आणि नसतील जेवले तर तू बघ. गंगम्मानं हात जोडले होते. सुगराबीनं दोन्ही तळवे वर धरले होते. कुणी कुणाला कसं ते सांगितलं नाही.

मंगळवारी गठ्ठे गेले. त्यानंतर दहाच दिवसांत लढाई पेटली. दिव्यांना काळे कागद लागले. मालगाड्या कुठं अडकल्या कुणाला पत्ता नाही, टपाल नाही. गंगम्मा कारखान्यातून सुटली की रोज फाटकाशी यायची. "कागद आला?" "नाही." "बरं," म्हणायची आणि जायची. लढाई संपली, बांगलादेश झाला, पेठेत पेढे वाटले. तरी ती रोज येत होती आणि मी रोज नाही म्हणत होते. एकदा म्हणाली, "जाळल्या तर न्हाईत?" ती गेल्यावर मी मिसबाईंच्या खोलीत जाऊन रडले.

फेब्रुवारीच्या शेवटी पत्र आलं. मिसबाईंनी बावीस जणींना बोलावलं आणि पडवीत मोठ्यानं वाचलं. वाकळी ऐन लढाईत, आठ डिसेंबरला पोचल्या होत्या. डॉक्टरांनी तपासून सगळ्या वाटल्या, एकही परत केली नाही. आता छावणी मोडते आहे, लोक चालत सरहद्दीकडं निघालेत. छावणीचं सामान ठेवून जा, असं सांगितल्यावर त्यांनी भांडी ठेवली, ताडपत्री ठेवली, वाकळी कुणी ठेवल्या नाहीत. डोक्यावर घेऊन गेले.

बायका टाळ्या वाजवायला लागल्या. केराबाई तर उठून नाचली. गंगम्मा मात्र हातातलं शिवण घेऊन बसूनच होती.

"घरला गेली समदी?" तिनं विचारलं.

"गेली," मिसबाई म्हणाल्या.

"घरं जळालेली आसतील त्यांची."

"असतील. तरी गेली."

गंगम्मानं पदर तोंडाला लावला. दोन महिने काम करताना, माझ्याकडून बोलणी खाताना, कधी तिच्या डोळ्यांत पाणी बघितलं नव्हतं मी. आता थांबेना. म्हणाली, "चोवीस वर्सं झाली. आमचा रस्ता बी कोन बंद केला न्हवता. मीच गेले न्हाई. नागप्पा दारात नसंल तर काय करायचं, म्हनून गेले न्हाई."

सुगराबीनं तिच्या हातातली सुई काढून कापडात टोचली.

"चल," ती म्हणाली. "मैं बी आती. पैले तेरा गांव, बादमें मेरा."

पुढच्या रविवारी मी पहिल्यांदा उपासना चुकवली आणि एस.टी. स्टँडवर गेले. दाक्षायणी आईच्या पिशवीत दशम्या भरत होती. गाडी आळंदची, मधे अक्कलकोट, वागदरी. दोघी चढल्या आणि चढल्या चढल्या भांडायला लागल्या. खिडकीशी कोण बसणार? गंगम्मा म्हणे, माझं गाव आधी येतंय, मला दिसाया पायजे. सुगराबी म्हणे, तेरेकू दिखता ना दूर का, मेरेकू नहीं दिखता, मेरेकू बैठने दे. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. शेवटी गंगम्मा खिडकीशी सरकली आणि सुगराबीचा हात धरून म्हणाली, "बस हितं. काय काय दिसतंय ते मी सांगते तुला."